पाचशेची नोट: पाहावी, तिरपी करावी, बोटांनी चाचपावी

[सादरकर्ता कॅमेऱ्यासमोर, हातात पाचशे रुपयांची नोट]

नमस्कार. ही पाचशे रुपयांची नोट आहे. दोन हजारांची नोट चलनातून काढून घेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी जाहीर केला आणि तेव्हापासून रोजच्या व्यवहारातली सर्वांत मोठी नोट हीच उरली आहे. त्यामुळे बनावट नोटा छापणाऱ्यांचा डोळाही हिच्यावर असणार, हे उघड आहे. म्हणून आजच्या भागात मुख्यतः हिच्याचबद्दल बोलू आणि इतर नोटांकडे गरजेपुरते वळू.

अनेकांचा असा समज असतो की नोटेची सुरक्षा म्हणजे एखादे गुपित आहे, जे फक्त छापखान्यातल्या चार माणसांना ठाऊक असते. जगभरच्या मध्यवर्ती बँका काही खुणा केवळ यंत्रांसाठी राखून ठेवतात, हे खरे. पण आपल्यासारख्यांनी तपासायच्या सगळ्या खुणा रिझर्व्ह बँक स्वतःच चित्रांसह प्रसिद्ध करते. त्या चोरालाही ठाऊक असतात. तरीही त्या उपयोगी पडतात, याचे कारण स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर यांच्या मर्यादेत आहे. ही यंत्रे एका कोनातून, एकाच उजेडात, सपाट पृष्ठभागावर जे दिसते तेवढेच उतरवून घेऊ शकतात. आणि नोट घडवणाऱ्यांनी महत्त्वाचे सारे नेमके त्या सपाट चित्राच्या बाहेर ठेवलेले आहे: काही कागदाच्या पोटात, काही शाईच्या उठावात आणि काही बदलत्या कोनात.

सुरुवात कागदापासून करू. आपल्या नोटांचा कागद पूर्णपणे कापसाच्या तंतूंचा असतो. तो दुमडला तरी लगेच फाटत नाही, ओला झाला तरी त्याचा लगदा होत नाही आणि बोटांत धरून झटकला की त्याचा एक करकरीत आवाज येतो, जो रोज रोकड हाताळणारा रोखपाल न पाहता ओळखतो. दुसरा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाजारातला बहुतेक पांढरा कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायने मिसळलेली असतात, आणि त्यामुळे तो अतिनील दिव्याखाली निळसर उजळून निघतो. नोटेचा कागद त्याच दिव्याखाली मंदच राहतो. उजळतात ते फक्त त्यात विखुरलेले बारीक तंतू, क्रमांकांची शाई आणि सुरक्षा धागा. बँकेच्या किंवा मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा असतो तो यासाठी. बनावट नोट तिथे बहुतेकदा अंगभर चमकून स्वतःच स्वतःला पकडून देते.

[नोट खिडकीच्या उजेडासमोर धरलेली]

आता नोट उजेडासमोर धरू. उजवीकडच्या मोकळ्या पांढऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा उमटतो आणि त्याच्या शेजारी ५०० हा आकडा दिसतो. हे जलचिन्ह छापलेले नसते. कागद ओल्या लगद्याच्या अवस्थेत साच्यावर येतो तेव्हाच त्याची जाडी जागोजागी कमी-अधिक केली जाते. जाड भागातून उजेड कमी येतो आणि तो भाग गडद दिसतो, पातळ भाग उजळ दिसतो. चेहऱ्यातल्या सावल्या एकमेकींत हळूहळू मिसळतात त्या यामुळे. शेजारच्या आकड्यासाठी मात्र साच्यावर धातूचा छोटा तुकडा बसवतात, तिथे लगदा फारच कमी साचतो, आणि म्हणून तो आकडा चेहऱ्यापेक्षा अधिक उजळ आणि ठाशीव कडांचा दिसतो. बनावट नोटेत हेच चित्र फिक्या करड्या शाईने छापून वेळ मारून नेलेली असते. तपासायची युक्ती साधी आहे: नोट टेबलावर सपाट ठेवावी, आणि तरीही तो चेहरा स्पष्ट दिसत असेल तर ते जलचिन्ह नव्हे, छपाई आहे. माझ्या मते सर्वसामान्य माणसाने एकच खूण शिकायची ठरवली तर ही शिकावी, कारण हिच्यासाठी भिंग लागत नाही की दिवा लागत नाही.

हा कागद नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, इथल्या आणि म्हैसूरच्या गिरणीत तयार होतो. छपाई चार ठिकाणी होते: नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी. यांत सर्वांत जुना आपला नाशिकचा छापखाना. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याआधी भारताच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत असत.

छपाईत आधी पार्श्वभूमीच्या नाजूक नक्षीचे रंग चढतात, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी छापल्या जातात. या एकाच वेळी छापण्याला महत्त्व आहे. नोटेच्या डाव्या बाजूला ५०० या आकड्याचे काही तुकडे पुढच्या बाजूला आणि उरलेले तुकडे मागच्या बाजूला छापलेले आहेत. नुसते पाहिले तर ती अर्धवट नक्षी वाटते, पण उजेडासमोर धरताच दोन्ही बाजूंचे तुकडे जुळून पूर्ण आकडा तयार होतो. आधी एक बाजू आणि मग कागद उलटून दुसरी, अशी छपाई करणाऱ्याला इतकी अचूक जुळणी साधणे फार कठीण जाते. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी आकड्याच्या कडा फाकलेल्या दिसतात.

[जवळून: गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरतो]

यानंतरचा टप्पा उठावाच्या छपाईचा, जिला तंत्रज्ञ इंटाग्लिओ म्हणतात. धातूच्या पत्र्यावर चित्राच्या रेषा खोल कोरलेल्या असतात. त्या खाचांमध्ये दाट शाई भरतात, वरची जादा शाई पुसून काढतात आणि मग इतक्या प्रचंड दाबाने कागद त्यावर दाबतात की कागद खाचांत शिरून शाई उचलून घेतो. म्हणून गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या रेषा बोटाला खरबरीत लागतात. कोऱ्या नोटेवर हे अगदी सहज जाणवते. हातोहात फिरून मऊ पडलेल्या नोटेवर उठाव झिजतो, हेही लक्षात ठेवावे. केवळ गुळगुळीत लागली म्हणून नोटेला खोटी ठरवू नये.

याच उठावाचा एक सुरेख उपयोग लपलेल्या आकड्यासाठी केला आहे. नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून साधारण ४५ अंशांच्या कोनात पाहिली की डाव्या बाजूच्या एका पट्टीत ५०० हा आकडा प्रकट होतो आणि सरळ धरली की नाहीसा होतो. तिथे आकड्याच्या आतल्या उठावाच्या रेषा एका दिशेने आणि भोवतालच्या दुसऱ्या दिशेने काढलेल्या असतात. समोरून पाहताना दोन्ही सारख्याच दिसतात; तिरप्या नजरेला मात्र एका दिशेच्या रेषांमधला कागद झाकला जातो, दुसऱ्या दिशेच्या रेषांमधला उघडा राहतो, आणि त्या फरकातून आकडा दिसतो. छायाप्रतीत रेषा उतरतात, पण त्यांची उंची उतरत नाही, त्यामुळे तिथे कितीही वाकून पाहिले तरी काही दिसणार नाही.

[नोट हळूहळू तिरपी होते, धाग्याचा रंग बदलतो]

आता सर्वांच्या परिचयाचा सुरक्षा धागा. तो कागद तयार होतानाच आत विणल्यासारखा घातलेला असतो: काही ठिकाणी तो पृष्ठभागावर येतो, काही ठिकाणी कागदाखाली जातो. म्हणून वरून पाहताना तुटक तुकडे दिसतात आणि उजेडासमोर धरल्यावर तीच सलग रेघ होते. त्यावर ‘भारत’ आणि ‘आरबीआय’ ही अक्षरे आहेत. पाचशेच्या नोटेत नोट तिरपी केली की धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. उजवीकडे खाली रुपयाच्या चिन्हासह छापलेला ५०० हा आकडाही तसाच हिरव्यातून निळ्यात जातो. त्या शाईत अतिशय पातळ थरांचे सूक्ष्म कण असतात. थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या लहरी कोणत्या कोनातून आपल्याकडे येतात त्यावर कोणता रंग ठळक होणार ते ठरते. साध्या हिरव्या शाईने हे कधीच होत नाही. बनावट नोटेत पुष्कळदा चकचकीत हिरवी पट्टी चिकटवलेली किंवा छापलेली आढळते. ती चमकते, पण रंग बदलत नाही. चमकणे आणि रंग बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गर्दीच्या वेळी फसगत होते ती इथेच.

क्रमांकाकडे फारसे कोणी पाहत नाही. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली तो छापलेला असतो. सुरुवातीची तीन चिन्हे एकाच मापाची असतात आणि त्यापुढचे अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. काही नोटांवर या तीन चिन्हांनंतर एक तारा दिसतो. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी गड्डीत घातलेली ती बदली नोट असते आणि तिचे मोल इतर नोटेइतकेच असते. तारा असलेल्या नोटा खोट्या, अशी आवई २०२३ मध्ये उठली तेव्हा रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला होता. धागा गव्हर्नरांच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या चित्राजवळ असला तर नोट खोटी, हा संदेशही असाच निराधार आहे. आणि दोन हजारांच्या नोटेत तिचा माग काढणारी ‘चिप’ आहे, ही ती प्रसिद्ध अफवा! त्या कथेवर विश्वास ठेवणारी सुशिक्षित माणसे किती होती, हे आठवले की आजही नवल वाटते.

मागच्या बाजूबद्दल थोडक्यात. पाचशेवर लाल किल्ला, दोनशेवर सांचीचा स्तूप, शंभरावर पाटणची राणी की वाव, पन्नासावर हंपीचा दगडी रथ, विसावर वेरूळची लेणी आणि दहावर कोणार्कचे सूर्यमंदिर आहे. डावीकडे छपाईचे वर्ष असते, आणि पंधरा भाषांच्या पट्टीत मराठी आठव्या क्रमांकावर सापडते. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ नुसार नोटेचा आराखडा बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार मंजूर करते.

एका बाबतीत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. दृष्टिहीन व्यक्तींसाठी पाचशेच्या नोटेवर उठावाचे वर्तुळ आणि दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या रेषा आहेत. दोनशेवर इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी खूण आणि चार रेषा, त्यांच्या मध्ये दोन ठिपके. शंभरावर त्रिकोण आणि चार रेषा. कल्पना चांगली आहे. पण उठाव झिजतो हे आपण आत्ताच पाहिले. झिजलेल्या नोटेत खरा आधार उरतो तो आकाराचा, आणि तोच नव्या मालिकेत कमी झाला आहे. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि शंभराची १५७, म्हणजे पूर्ण एका सेंटिमीटरचा फरक होता. आता पाचशेची १५०, दोनशेची १४६ आणि शंभराची १४२ मिलिमीटर आहे, आणि तिन्हींची रुंदी ६६. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी, तोही घाईत, कसा ओळखावा? दृष्टिहीनांच्या संघटनेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेला होता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून तिची रक्कम बोलून दाखवणारे ‘मनी’ नावाचे अॅप आणले. ते उपयुक्त आहे, पण बसमध्ये सुट्टे पैसे घेताना प्रत्येकाने मोबाइल काढावा, ही अपेक्षा मला व्यवहार्य वाटत नाही.

सगळ्या खुणा सगळ्या नोटांवर नसतात, हेही ध्यानात ठेवावे लागेल. रंग बदलणारा धागा शंभरापासून पुढच्या नोटांत आहे, तर रंग बदलणारा आकडा फक्त दोनशेच्या आणि पाचशेच्या नोटेवर. तेव्हा शंभराच्या नोटेवरचा आकडा रंग बदलत नाही म्हणून कुणाशी वाद घालू नये. शिवाय एका खुणेवरून निकाल देऊ नये: उजेड, कोन आणि स्पर्श या तिन्हींत संशय आला तरच तो खरा संशय.

आणि संशय खरा ठरला तर? बँकेच्या काउंटरवर बनावट नोट सापडली की ती परत मिळत नाही आणि तिचे पैसेही खात्यावर जमा होत नाहीत. बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते आणि तशी पावती देणे तिच्यावर बंधनकारक असते. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर त्यांची माहिती महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांकडे जाते. पाच किंवा अधिक सापडल्या तर लगेच गुन्हा नोंदवण्यासाठी त्या पोलिसांकडे सोपवल्या जातात. नुकसान होते, ते टाळता येत नाही. पण ते भरून काढण्यासाठी तीच नोट दुसऱ्या कुणाच्या माथी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गंभीर गुन्हा आहे, आणि ‘मलाही कुणीतरी दिली होती’ हा बचाव, नोट खोटी असल्याचे ठाऊक असताना ती पुढे दिली असेल तर, टिकत नाही. नोट जप्त झाल्यावर पावती मात्र आठवणीने मागून घ्यावी.