जुनी चेनसॉ हाती आली की

[दृश्य: टेबलावर अंथरलेला जाड कागद. त्यावर तेलानं आणि भुशानं काळवंडलेली चेनसॉ. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेली चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीनं लाकूड कापणारी इंजिनाची करवत, हाती आली की पहिला मोह होतो तो दोरी ओढायचा. चालू होते का, एवढंच बघू, असं आपण स्वतःला सांगतो. आणि नेमकं तेच आत्ता करायचं नसतं. ती शेवटची बंद पडली तेव्हा काय झालं होतं, हे बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आत पिस्टन ओरबाडलेला असेल, बेअरिंगला गंज चढला असेल, तर त्या दहा-बारा झटक्यांत वाचण्याजोगं यंत्र भंगारात जमा होतं. ती का बंद पडली, हे आधी शोधायचं. पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

सुरुवात ओळख पटवण्यापासून. झाकणावर कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर दिसतो, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. दोरीचं झाकण, हवेच्या फिल्टरचं झाकण, बार (साखळी जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी), साखळी, हे सगळं जुन्या यंत्रावर बदललेलं असू शकतं. दोन मोडक्या मशीनचं मिळून एक चालतं मशीन उभं करणं ही दुरुस्तीवाल्यांची जुनीच रीत आहे. खरी ओळख असते ती क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या पेटीवर, ठोकलेल्या क्रमांकात. तो भाग पुसून, तिरक्या उजेडात बघा. रंगाखाली दबलेले आकडेही तिरक्या उजेडात उठून दिसतात.

क्रमांक वाचता आला नाही, तर इंजिनच मोजता येतं. सिलिंडर उघडलेला असेल तर व्हर्नियरनं त्याचा व्यास घ्या, पिस्टन किती वर-खाली होतो ते, म्हणजे स्ट्रोक, मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले स्ट्रोक गुणिले 0.785, आणि मापं मिलिमीटरमध्ये असतील तर शेवटी भागिले 1000. व्यास 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक 36 असेल, तर उत्तर येतं साधारण 70 सीसी. एवढ्यावरून मॉडेलची यादी बरीच आखूड होते.

[दृश्य: जुन्या यंत्रांची कृष्णधवल छायाचित्रं.]

यंत्राचं वय त्याच्या घडणीतही दिसतं. सुरुवातीच्या चेनसॉ दोन माणसांनी उचलायच्या. त्यातल्या अनेकांचा कार्बोरेटर तरंगत्या गोळ्याचा होता, म्हणजे इंजिन आडवं केलं की पेट्रोलचा पुरवठा बिघडायचा. गोळ्याऐवजी लवचिक पडद्याचा कार्बोरेटर आला आणि मशीन कुठल्याही कोनात धरता येऊ लागलं. 1949 साली आलेली मॅक्युलॉक कंपनीची 3-25 ही एका माणसानं वापरायची, साधारण 11 किलोंची चेनसॉ त्याच बदलातली. 1959 मध्ये श्टिल कंपनीची काँट्रा आली, तिच्यात क्लचपासून साखळीपर्यंत मध्ये गिअरच नव्हता. तेव्हा मशीनवर गिअरची पेटी दिसली, तर ते बहुधा जुन्या वळणाचं. पुढच्या हँडलसमोर साखळीच्या ब्रेकचा पंजा नसेल, तर ते बहुतेक 1970 च्या दशकात ब्रेक रूढ होण्याआधीचं.

साखळीची गोष्ट तर थांबून ऐकण्यासारखी आहे. पूर्वी साखळीचे दात हातकरवतीसारखे, लाकूड खरवडत जाणारे असायचे. 1946 साली अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे जबडे फिरवत, लाकडाच्या आडव्या-उभ्या रेषा न पाहता ते कातरत होती. त्यांनी त्या जबड्यांसारखे, एक डावा एक उजवा असे वळलेले दात बनवले आणि 1947 मध्ये ती साखळी बाजारात आली. आज जगभर चालणाऱ्या साखळ्या तिच्याच वंशातल्या.

आता आपल्या टेबलावरची साखळी मोजू. लागून असलेल्या तीन रिव्हेटांपैकी पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याला दोनानं भागायचं. हे पिच. 0.325 इंच, 3/8 इंच आणि 0.404 इंच ही नेहमी भेटणारी मापं. मग बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, म्हणजे गेज, 1.1 ते 1.6 मिलिमीटर. आणि या कड्यांची संख्या. बार, साखळी आणि स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक) या तिघांचं पिच जुळलंच पाहिजे.

[दृश्य: पेचकस सायलेन्सरच्या स्क्रूवर. सायलेन्सर बाजूला होतो. टॉर्चचा उजेड आत शिरतो.]

आता या तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण. दोन-तीन स्क्रू काढून सायलेन्सर बाजूला केला की धूर बाहेर पडण्याच्या खिडकीतून थेट पिस्टन दिसतो. फ्लायव्हील, म्हणजे दोरीच्या झाकणामागचं जड चाक, हातानं सावकाश फिरवा. चांगल्या पिस्टनवर मूळ यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा अजून शाबूत असतात. उभे ओरखडे दिसले तर थांबायचं आणि ते कुठल्या बाजूला आहेत हे नीट बघायचं, कारण दुखण्याचं मूळ त्यातच सापडतं.

फक्त धुराच्या बाजूला ओरखडे असतील, तर इंजिन जास्त तापलेलं आहे. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, अशा मिश्रणावर ते चाललेलं असण्याची शक्यता मोठी. हवा आत येते त्या बाजूला पिस्टन निस्तेज, घासलेला दिसला, तर फिल्टरमधून धूळ आत गेली. चहूबाजूंनी धातू फासल्यासारखा झाला असेल, तर टाकीत ऑइल न घालता नुसतंच पेट्रोल ओतलं गेल्याचा संशय घ्यायचा.

मी हे इतकं लांबवून सांगतोय, कारण इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. ओरखडा दिसला, नवा पिस्टन बसवला, मशीन सुरू झालं, सगळे खूश. पण क्रँकचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी, फाटलेलं होतं, तिथून हवा आत ओढली जात होती, ते तसंच राहिलं. नवा पिस्टनही त्याच वाटेनं जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार. म्हणून ओरखडा दिसला की सील, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी गळा, क्रँककेसमधून कार्बोरेटरला दाब पोचवणारी बारीक नळी, हे सगळं तपासल्याशिवाय नवा भाग बसवू नये.

पिस्टन स्वच्छ दिसला तर सायलेन्सर परत बसवा, प्लग घट्ट करा आणि दोरीची मूठ धरून मशीन अलगद लोंबकळू द्या. ते टप्प्याटप्प्यानं, अडखळत खाली आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बरं आहे. सरळ घसरत आलं तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर गेलेला. हा दाब मोजायचं गेज असेल तर उत्तमच. 150 पीएसआयच्या आसपासचा आकडा आला तर निर्धास्त राहा. 100 च्या खाली आला तर इंजिन उघडायची तयारी ठेवा.

[दृश्य: रॉकेलात बुडवलेला ब्रश. काळा थर निघून खालचा मूळ रंग दिसू लागतो.]

साफसफाई हे माझ्या आवडीचं काम. पण पाण्याचा किंवा हवेचा झोत मारण्याआधी कार्बोरेटरचं तोंड आणि धुराची खिडकी बंद करा, प्लग जागेवर राहू द्या. मोठा थर लाकडी काडीनं खरवडा, उरलेला रॉकेल आणि ब्रशनं. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा. पेट्रोलनं धुऊ नका, त्याची वाफ ठिणगीला फार लवकर पकडते. ओव्हन साफ करायची कॉस्टिकची रसायनं अ‍ॅल्युमिनियम खातात आणि रंगही उतरवतात, ती नकोत. आणि क्रँककेस पुष्कळदा मॅग्नेशियमची असते. तिच्यावर ग्राइंडर चालवू नका, त्या धातूचा बारीक चुरा पेट घेतो.

सिलिंडरच्या पात्यांमधली जागा विशेष लक्ष देऊन मोकळी करा. तिथे भुसा आणि तेल यांचा दगडासारखा गठ्ठा झालेला असतो. हे इंजिन हवेनंच थंड होतं आणि ती हवा याच फटींतून जाते.

साफ करताना हात आपोआप प्रत्येक भागावरून फिरतो. तडा गेलेलं हँडल, फाटलेलं रबर, गळालेला स्क्रू, हे सगळं ब्रश हातात असतानाच कळतं.

आता ठिणगी. प्लग काढून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवा, आजूबाजूला पेट्रोल नाही याची खात्री करा आणि दोरी ओढा. ठिणगी नसेल तर कॉइल (ठिणगीची वीज बनवणारा भाग) मागवायची घाई नको. आधी बंद करायच्या बटणाची तार सोडवा. तिचं आवरण झिजून ती बॉडीला टेकलेली असेल, तर मशीन कायमचं बंदच राहतं. जुन्या, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेल्या मशीनमध्ये पॉइंटवर गंजाचा पातळ थर येतो, तो बारीक पॉलिश पेपरनं निघतो. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर साधारण 0.3 मिलिमीटर, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाएवढं. आणि दोरी हाताला उलटा हिसका देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे ते दांड्यावर पक्कं धरणारी खुंटी, तुटलेली असू शकते.

[दृश्य: कार्बोरेटर चार तुकड्यांत. चिमट्यात धरलेला पडदा.]

कार्बोरेटर. टाकीचं झाकण उघडल्याबरोबर वॉर्निशसारखा वास आला, तर तो उघडावाच लागेल. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ ठेवतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रबरी नळ्याही खराब करतं. आतला, पेट्रोल मापानं सोडणारा पडदा चिमट्यानं उचलून बघा. चांगला पडदा लवचिक असतो, कडक झालेला कागदासारखा कुरकुरतो आणि पेट्रोल ओढायचं बंद करतो. पडदे आणि पॅकिंगचा संच नवा घ्या. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण एका बाजूला आधी पॅकिंग मग पडदा, तर दुसऱ्या बाजूला बहुधा आधी पडदा मग पॅकिंग, असा क्रम असतो. भोकांत तार घालू नका. ती भोकं मापाची असतात, तारेनं मोठी होतात. नळी आणि टाकीतला फिल्टर त्याच वेळी बदलून टाका.

क्लच सोडवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. त्याचे आटे बहुतेक वेळा उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरीचा तुकडा आत सोडा, पण पिस्टन वर येताना धुराची खिडकी बंद झाल्यावरच, नाहीतर दोरी खिडकीत सापडून कापली जाते. क्लचच्या स्प्रिंगा तपासा. स्प्रॉकेटच्या दातांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल चर पडला असेल तर ते बदला, नाहीतर नवी साखळी त्याच्यावर वाया जाईल. बार काढून त्याची खाच आणि ऑइलचं भोक कोरून घ्या, कडांवर उभी राहिलेली धातूची धारदार कोर सपाट कानशीनं घासा आणि बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

साखळीला धार लावायची गोल कानस पिचप्रमाणे: 0.325 ला 4.8 मिलिमीटर, पूर्ण उंचीच्या 3/8 ला 5.5. बहुतेक साखळ्यांना कोन 30 अंशांचा. प्रत्येक दाताला सारखेच फटके. एक बाजू जास्त झिजली की मशीन लाकडात वाकडं जातं.

इंधनाबद्दल वाद फार होतात. जुन्या मशीनच्या पट्टीवर 16 ला 1 किंवा 25 ला 1 असं प्रमाण दिसतं, ते त्या काळच्या ऑइलचं होतं. आजची चांगली टू-स्ट्रोक ऑइल 50 ला 1 साठी बनलेली असतात, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 100 मिलिलिटर. जुन्या इंजिनाला मी थोडं जास्तच ऑइल देईन. प्लग जरा लवकर काळा होतो, पण बेअरिंगं टिकतात. मात्र प्रमाण बदललं की कार्बोरेटरचा स्क्रू पुन्हा जुळवायला हवा.

[दृश्य: मोकळी जागा. मशीन जमिनीवर, पाय मागच्या हँडलमध्ये. हेल्मेट, कानांवर संरक्षण, हातमोजे.]

आता दोरी ओढायची. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू अलगद बंद करून एकेक फेरा उघडा, बहुतेक जुन्या मशीनना सुरुवात म्हणून एवढं पुरतं. सुरू झाल्यावर गरम होऊ द्या. मंद गतीवर साखळी फिरता कामा नये. फिरत असेल तर गती कमी करा, तरी थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग गेली. पूर्ण रेस दिल्यावर मोकळ्या मशीनचा आवाज किंचित फुटका, गुरगुरता यायला हवा. सरळ, किंचाळणारा आवाज कानाला छान वाटतो, पण तेव्हा इंजिनाला पेट्रोल कमी पडत असतं. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. ऑइलची रेघ उमटली तर पंप चालतोय. ब्रेक असेल तर तो दाबून साखळी जागच्या जागी थांबते का तेही बघा.

ब्रेक नसलेलं मशीन कितीही सुंदर चालू झालं, तरी रोजच्या कामाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणात कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतं आणि हातांना ते अडवायला वेळच मिळत नाही. असं यंत्र जपून ठेवा, लोकांना दाखवा, बार आणि साखळी काढून त्याचा आवाज ऐकवा.

ब्रेकवाल्या मशीनची पहिली टाकी संपेपर्यंत हलकीच लाकडं कापा. मग ते थंड होऊ द्या, प्लग काढून त्याचा रंग बघा, तपकिरी असेल तर मिश्रण जुळलेलं आहे. सायलेन्सरचे स्क्रू तापून सैल होतात, ते पुन्हा आवळा आणि नव्या साखळीचा ताण परत तपासा.