अ‍ॅब्लेशननंतर ठोके नीट झाले, मग रक्त पातळ करायची गोळी कशाला?

"ईसीजी नॉर्मल आलाय, धडधड थांबलीय. आता ही रक्त पातळ करायची गोळी बंद केली तर चालेल ना?"

एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचा आजार) अ‍ॅब्लेशन झालं की हा प्रश्न ठरलेला. नमस्कार, आज त्याबद्दलच बोलू. तुमच्या मनाने बंद केली तर चालणार नाही. कारण ही गोळी ठोक्यांसाठी नाहीच. ती गुठळीसाठी आहे.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात नेतात आणि चुकीचे विद्युत संदेश जिथून येतात तिथला थर उष्णतेने, गोठवून किंवा विजेच्या स्पंदांनी निकामी करतात. म्हणजे कप्प्याच्या आतून ताजी जखम. ती भरेपर्यंत तिथे रक्त साकळू शकतं. त्यात तो कप्पा काही काळ सुस्तावलेला असतो, ठोका नियमित असला तरी आकुंचन जोमाचं नसतं. तिथे तयार झालेली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात.

म्हणून पहिले काही महिने घासाघीस नाही. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३ महिने, युरोपच्या २०२४ च्या सूचनांनुसार किमान २. तुमचा धोका कमी असला तरीही.

त्यानंतर? इथे बहुतेकांची गल्लत होते. पुढचा निर्णय मुख्यतः ईसीजीवर नाही, पक्षाघाताच्या धोक्यावर होतो. हा धोका गुणांनी मोजतात. वय ६५ ते ७४ असेल तर १ गुण, ७५ किंवा त्यापुढे २. ब्लडप्रेशर, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार, प्रत्येकी १. आधी पक्षाघात झाला असेल तर २. सत्तरीचे गृहस्थ, बीपी आणि शुगर दोन्ही: झाले ३. त्यांचे ठोके कितीही सुरळीत असोत, गोळी साधारणपणे चालूच राहते. पन्नाशीच्या, दुसरा काही आजार नसलेल्या माणसाची बहुधा थांबते. शिवाय फिब्रिलेशन गुपचूप परत येऊ शकतं, पेशंटला काही जाणवतही नाही.

हे चित्र बदलतंय, हेही सांगायला हवं. २०२५ मध्ये कोरियातल्या ८४० रुग्णांचा अभ्यास आला. अ‍ॅब्लेशननंतर किमान वर्षभर त्रास परत न दिसलेले हे लोक. गोळी थांबवलेल्यांचा निकाल चांगला लागला, मुख्यतः मोठे रक्तस्राव कमी झाल्यामुळे. पण ती निवडक मंडळी होती, आणि वर्षभर थांबलेली. हे ऐकून दुसऱ्या महिन्यात गोळी सोडू नका.

आता रोजचं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांपैकी अ‍ॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान दिवसातून दोनदा. रिव्हरॉक्सॅबॅन एकदा, तेही जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. डोस राहिला तर त्याच दिवशी आठवताच घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाहीत. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) तपासत राहा, तो सहसा २ ते ३ मध्ये हवा.

अंगदुखीला मनाने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटॅमॉल बहुतेकांना चालतं.

जांघेत काळंनिळं होईल, दोन-चार दिवसांत ते मांडीवर उतरेल, हिरवट-पिवळं पडेल. बघायला भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी. मात्र गाठ वाढत गेली, किंवा रक्त वाहायला लागलं, तर जागेवर घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा. काळी, डांबरासारखी शौच, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं: ताबडतोब हॉस्पिटल. आणि पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं असं काही झालं तर अ‍ॅब्लेशन केलेल्या टीमला फोन करा, सर्दी-पडसं म्हणून अंगावर काढू नका. अन्ननलिकेला इजा होणं दुर्मीळ आहे, पण झाली तर जीवघेणी.

दात काढायचा आहे? दाताच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा आणि थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारू द्या. अनेकदा थांबवावीच लागत नाही.