पगारपत्रकाबाहेरचा पगार

१९२९ साली अमेरिकेतील डॅलस शहरात, बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयात थकलेल्या बिलांचा ढीग साचला होता. कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबॉल पूर्वी याच शहरातील शाळांचे अधीक्षक होते, त्यामुळे बिलांवरची कितीतरी नावे त्यांच्या ओळखीच्या शिक्षकांची निघाली. त्यांनी योजना आखली: प्रत्येक शिक्षकाने दरमहा ५० सेंट भरायचे आणि गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार त्यातून मिळवायचा.

ही योजना टिकली, कारण शिक्षक एकत्र आले होते ते नोकरीमुळे, आजारपणामुळे नव्हे. विमा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला, तर आजारी माणूस तो आधी घेतो, धडधाकट माणूस टाळतो आणि हप्ता वाढतच जातो. कामाच्या ठिकाणी तरुण आणि वयस्क, निरोगी आणि व्याधिग्रस्त असे सगळे एकाच गटात येतात, म्हणून जोखीम विभागली जाते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या कायद्याने वेतनवाढीवर निर्बंध आले, मात्र विमा आणि निवृत्तिवेतनाचे वाजवी लाभ त्यातून वगळले गेले. कामगार मिळेनासे झालेल्या कंपन्यांनी हीच वाट धरली. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला आरोग्यविम्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही, हे स्पष्ट केले आणि विम्याची नोकरीशी पडलेली गाठ पक्की झाली.

या लाभाला कंपनीची मेहेरबानी समजणे चुकीचे आहे. मालक भरतो तो वाटा त्याच्या लेखी कर्मचाऱ्यावरचाच खर्च असतो, आणि तो बव्हंशी रोख वेतनातूनच वळता होतो, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. वर्षअखेरीस मिळणाऱ्या ‘डब्ल्यू-२’ या वेतन-प्रपत्रातील १२ व्या रकान्यात ‘डीडी’ अक्षरांपुढे एक आकडा असतो. अनेक मोठ्या कंपन्यांना तो द्यावाच लागतो. मालक आणि कर्मचारी या दोघांनी मिळून विम्यावर केलेला एकूण खर्च तो हाच. त्यावर कर लागत नाही, म्हणून नजर त्यावरून सहज घसरते. खरे तर आपल्या श्रमाचे मोल ठरवताना तो आवर्जून पाहायला हवा.

योजना निवडताना केवळ हप्त्याकडे पाहणे महागात पडते. कमी हप्त्याच्या योजनेत डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी बहुतेक उपचारांचे पैसे देऊ लागण्यापूर्वी आपण सोसायची रक्कम, बहुधा मोठी असते. ज्याच्या घरी कायमची औषधे चालू आहेत, त्याने हप्ता, डिडक्टिबल आणि वर्षभरात स्वतःच्या खिशातून जाऊ शकणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा, या तिन्हींचा एकत्र विचार करून पाहावा. आपला डॉक्टर आणि रुग्णालय योजनेच्या नेटवर्कमध्ये आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे.

नोकरी सुटली की या व्यवस्थेची सर्वांत दुबळी बाजू उघडी पडते. ‘कोब्रा’ कायद्यानुसार, २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडणाऱ्याला तोच विमा साधारणतः १८ महिने चालू ठेवता येतो. परंतु एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला स्वतः भरावी लागते, आणि तीही पगार थांबलेला असताना. निर्णयासाठी किमान ६० दिवस मिळतात. सरकारी विमा बाजारपेठेतून दुसरी योजना घेण्याची खास मुदतही नोकरीचा विमा संपल्यापासून ६० दिवसांचीच असते, त्यामुळे दोन्ही हप्त्यांची तुलना पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी.