शारीरिक क्षमता मोजताना व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे गुण का कापले जातात?

नमस्कार. बार्थेल निर्देशांक ही रुग्ण रोजची कामे स्वतः किती करू शकतो हे मोजणारी, १९६५ साली प्रसिद्ध झालेली गुणपद्धती पुनर्वसनाच्या क्षेत्रात आजही वापरली जाते. तिच्या मूळ रूपात सुमारे ४५ मीटर स्वतंत्रपणे चालणाऱ्या रुग्णाला १५ गुण मिळतात आणि दुसऱ्याच्या मदतीने चालणाऱ्याला १०. पण तेवढेच अंतर कोणाचाही हात न लागता स्वतः व्हीलचेअर चालवत पार करणाऱ्याला मात्र केवळ ५. म्हणजे जो स्वावलंबनाने पोहोचला, तोच आधार घेऊन पोहोचणाऱ्याच्या खाली राहतो. हे गुण पायांच्या अवस्थेचे म्हणून वाचले तर समजण्यासारखे आहे, पण ते स्वावलंबनाचे म्हणून वाचले जातात, आणि माझ्या मते खरी गफलत इथेच होते.

एसएफ-३६ या आरोग्याविषयीच्या प्रश्नावलीत शारीरिक कार्यक्षमतेचे १० प्रश्न असून त्यांतील निम्मे चालण्याविषयी आणि जिने चढण्याविषयी आहेत. दोन्ही पाय लुळे पडलेल्या व्यक्तीला या पाचही प्रश्नांना सर्वांत खालचेच उत्तर द्यावे लागते. पुढे काही महिन्यांच्या व्यायामाने तीच व्यक्ती पलंगावरून खुर्चीत एकटी सरकू लागली, तरी या पाच उत्तरांत काडीचाही फरक पडत नाही. मग कागदावर सुधारणा जेमतेम दिसते आणि उपचारच निरुपयोगी ठरवले जातात. चालण्याऐवजी जाण्याविषयी विचारले तर बरेच काम होते, जिन्याचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी १९९७ मध्ये मांडलेली स्किम (SCIM) ही स्वावलंबनाची मोजपट्टी अधिक बारकाईने पाहते: अंथरुणात कूस बदलणे, खुर्चीतून मोटारीत बसणे यांचीही ती नोंद घेते. तिथेही, हाताने चालवायच्या व्हीलचेअरवरून घराबाहेर स्वतंत्रपणे फिरणाऱ्याला ८ पैकी २ च गुण मिळतात, हे सांगायलाच हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्षमता आणि अपंगत्वाच्या २००१ च्या वर्गीकरणात ठरावीक परिस्थितीत माणूस काय करू शकतो आणि स्वतःच्या नेहमीच्या परिसरात तो प्रत्यक्षात काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. त्यामुळे नुसता आकडा लिहून भागत नाही. चाचणी कोणत्या साधनासह झाली, मदत किती लागली, वाटेत उतार किंवा उंबरठा होता का, आणि पुढच्या वेळीही तेच साधन होते का, हे त्या आकड्याशेजारीच नोंदवले पाहिजे.