गटप्रवर्तक : सातपुड्यातील आरोग्यनेतृत्वाची गोष्ट

[दृश्य : पहाटेचा सातपुडा. पायवाटेवरून चालणारी एक स्त्री. खांद्यावरच्या पिशवीतून बाळांच्या वजनकाट्याची कडी बाहेर आलेली.]

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात गाव म्हणजे एकमेकांना लागून उभी असलेली घरे नव्हेत. एका टेकडीवर चार घरे असतात, मधे ओढा असतो, पलीकडच्या उतारावर आणखी सहा घरे असतात, आणि अशा प्रत्येक वस्तीला पाडा म्हणतात. कागदावर एक असलेले गाव पायांना मात्र सहा-सात गावांएवढे पडते. या चित्रपटात चालण्याची दृश्ये बरीच आहेत. संकलनात ती कमी करावीत असे आम्हाला एक-दोघांनी सुचवले होते; आम्ही ती तशीच ठेवली आहेत.

चालणारी ही स्त्री गटप्रवर्तक आहे. साधारण वीस आशा कार्यकर्तींच्या कामावर देखरेख ठेवणे, त्यांना शिकवणे आणि त्यांची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे हे तिचे काम होय. ती पावरा समाजाची आहे, याच डोंगरात वाढली आहे आणि गटप्रवर्तक होण्यापूर्वी काही वर्षे आशा होती. तिचे नाव आम्ही तिच्याच इच्छेवरून सांगत नाही. नाव आले की वरून फोन येतो, असे ती हसत म्हणाली.

[दृश्य : कुडाच्या घराचा ओटा. आशाताई बाळाला झोळीच्या काट्यात ठेवते आहे. गटप्रवर्तक दोन हात अंतरावर बसलेली.]

बाळ सात दिवसांचे आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी द्यायच्या असतात. बाळंतपण घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवसाची भेट धरून त्या सात होतात. आधी हात धुवायचे, मग बाळाचे तापमान घ्यायचे, मग वजन करायचे, आणि मग घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा मानतात. हे मिनिट आम्ही पूर्ण दाखवत आहोत. या मिनिटात घरातले कोणीही बोलत नाही. फक्त कोंबड्यांना ते कोणी सांगितलेले नाही.

आता गटप्रवर्तकाकडे पाहा. आशाताईने काटा टांगताना तो शून्यावर आहे की नाही हे पाहिले नव्हते. गटप्रवर्तकाच्या ते लगेच लक्षात आले, तरीही ती काही बोलली नाही. तिने काट्याकडे नुसते पाहिले, आणि आशाताईने बाळ पुन्हा आईकडे देऊन काटा ठीक केला. ओट्यावर बाळाची आजी बसलेली होती. तिच्यादेखत आशाताईला टोकले असते, तर त्या घरात पुढच्या वेळी आशाताईचा शब्द चालला नसता. जे सांगायचे होते ते गटप्रवर्तकाने परतीच्या वाटेवर, ओढा ओलांडताना, पावरी बोलीत सांगितले. नेतृत्व विकासाच्या प्रशिक्षणांत या गोष्टीसाठी बरेच जड शब्द वापरतात, आणि ते शब्द तिने ऐकलेलेही आहेत. मात्र ही रीत ती शिकली ती तिच्या स्वतःच्या पहिल्या गटप्रवर्तक ताईंकडून, याच वाटेवर.

बोलणे पावरीत झाले आणि नोंद मराठीत झाली, हेही ध्यानात घ्यावे. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. वर डोंगरात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची आणि कोकणी, तर खाली शहादा परिसरात अहिराणी आणि गुजरी चालते. धुळ्या-जळगावच्या दवाखान्यात एखाद्या म्हातारीला ‘बरं शे ना माय?’ असे विचारणाऱ्या परिचारिकेपुढे ती जितकी मोकळी होते, तितकी ती शुद्ध मराठीत विचारलेल्या पाच प्रश्नांनी होत नाही, हे खान्देशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही आरोग्यव्यवस्थेत भाषा जाणणारी माणसे खालच्या पायरीवर आहेत आणि निर्णय घेणारी वरच्या पायरीवर, आणि या दोन पायऱ्यांमध्ये जिना कोठे आहे हे शोधताना आम्हाला बराच वेळ लागला.

[दृश्य : जुन्या जनसुनवाईचे चित्रण. मंडप, सतरंजी, एका बाजूला अधिकाऱ्यांच्या खुर्च्या.]

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून आशा आली: गावचीच, गावाने निवडलेली स्त्री. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचा प्रयोग ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत अमरावती, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे यांच्या जोडीला नंदुरबार होते. गावाने आपल्या उपकेंद्राला गुण द्यायचे, औषधे होती का, परिचारिका आली होती का, पैसे मागितले का हे तक्त्यावर मांडायचे, आणि मग जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवायचे, अशी त्याची पद्धत होती.

हे चित्रण पडद्यावर नीट दिसत नाही, कारण कॅसेट जुनी आहे आणि तिला ओल लागलेली आहे. तिसऱ्या रांगेतून उठून उभी राहणारी, हातातला कागद न वाचता बोलणारी तरुणी म्हणजे आपली गटप्रवर्तक. तेव्हा ती आशाही नव्हती. आपल्या पाड्यावर लसीकरणाचे सत्र नेमके बाजाराच्या दिवशी का ठेवतात, असा तिचा प्रश्न होता. समोरून काय उत्तर आले ते या चित्रणात ऐकू येत नाही.

[दृश्य : रेखाचित्र. शिडीच्या पायऱ्या.]

आता जिना पाहू. आशा ही नोकरी नाही. तिला पगार नसतो, कामाचा मोबदला असतो. आशाची गटप्रवर्तक होते, आणि तिथे ही वाट बहुतेकींसाठी संपते. पुढची पायरी, म्हणजे उपकेंद्राची आरोग्यसेविका, वेगळ्या शिक्षणाची आणि वेगळ्या भरतीची आहे. तिच्याच बाजूला २०१८नंतर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. बीएएमएस किंवा नर्सिंगची पदवी असलेल्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन उपकेंद्रावर नेमले जाते. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. राज्यपालांच्या जून २०१४च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली आणि त्यांत आरोग्यसेवकांची पदेही होती. तो निर्णय पुढे न्यायालयीन वादात अडकला, ती कथा लांब आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की ती यादीच मुळात वैद्यकीय अधिकाऱ्यापाशी पोहोचत नव्हती. पाड्याची भाषा जाणणारा माणूस सेवेला हवा, हे मान्य झाले. तो बैठकीच्या अध्यक्षस्थानी हवा, हे त्या कागदाला सुचले नाही.

अपवाद आहेत, आणि मोठे आहेत. साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात जन्मलेले डॉ. राजेंद्र भारूड अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत एमबीबीएस झाले, पुढे भारतीय प्रशासन सेवेत गेले आणि करोनाच्या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. दुसरी लाट येण्यापूर्वीच जिल्ह्यात ऑक्सिजननिर्मितीचे प्रकल्प उभे राहू लागले होते. त्या दिवसांचे चित्रण आमच्यापाशी नसल्याने इथे इतकेच सांगतो. मात्र ते आरोग्यखात्याच्या जिन्याने वर आले नाहीत, दुसऱ्याच दाराने आले, हे विसरून चालणार नाही.

[दृश्य : नर्मदेचे बॅकवॉटर. होडी. काठावर उतरणारी अंगणवाडी सेविका. ही दुसऱ्या गावची आहे.]

सरदार सरोवराच्या पाण्याने डोंगराचे पाय बुडाले, आणि काठावरची गावे रस्त्यापासून आणखी दूर गेली. २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी, टाळेबंदीत लोक अंगणवाडीपर्यंत येईनात म्हणून, स्वतः होडी वल्हवत अलिगाट आणि दादर येथील गरोदर स्त्रिया व बालकांपर्यंत आहार पोहोचवला. ती बातमी देशभर गेली. पुढे २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांना पुरस्कार दिला, आणि त्या पुरस्काराच्या नावातच आरोग्यक्षेत्रातील नेते हा शब्द होता. जिनिव्हातील त्या संघटनेने त्यांना नेते म्हटले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक मोबदल्यासाठी संपावर होत्या. मोर्चाची दृश्ये इतरत्र पुष्कळ पाहायला मिळतात. आम्ही नदीवरच थांबलो.

जळगाव जिल्ह्यातील एक नोंद येथेच करायला हवी. भादली बुद्रुक येथे जानेवारी २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवार, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांचा अर्ज स्त्रियांसाठी राखीव जागेवर स्वीकारायला लावल्यानंतर, निवडून आल्या. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत ग्रामपंचायतीचे सदस्य बसतात, म्हणून आरोग्याचे नेतृत्व कोणाकोणाचे, हा प्रश्न मतपेटीपासूनच सुरू होतो.

[दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक बैठक. पुढे टेबल, तीन खुर्च्या. समोर चटईवर आशा.]

आता या चित्रपटातील आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. बैठकीत पुढच्या तीन खुर्च्यांवर तीन पुरुष आहेत आणि चटईवर सगळ्या स्त्रिया आहेत. विषय आहे सुटलेल्या बालकांच्या लसीकरणाचा. दिवाळीनंतर डोंगरातील कित्येक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात घेतलेल्या सत्रांत बालके नसतात, आणि अहवालात ती ‘गैरहजर’ म्हणून राहतात. गटप्रवर्तक उभी राहते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, असे ती सांगते. दूर गेलेली माणसे त्या आठवड्यात कुठल्या ना कुठल्या बाजारात हमखास दिसतात, म्हणून सत्र पाड्यावर न ठेवता बाजारातच ठेवावे. बाजाराच्या गर्दीत शीतसाखळी, म्हणजे लसी सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, कशी सांभाळणार, असा प्रश्न पुढून येतो. ती बर्फाच्या पिशव्या किती लागतील, त्या कोठून येतील आणि कोण आणील, हे एकेक करून सांगते. मग वैद्यकीय अधिकारी, जे या भागात नव्याने आलेले आहेत, वही पुढे ओढतात आणि तिला म्हणतात, “ताई, तुम्ही इकडे येऊन बसा, तारखा आपण दोघे मिळून लावू.” खुर्ची रिकामी नव्हती. बाजूच्या खोलीतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली गेली. हे ठरवून केलेले दृश्य नाही. आमचा कॅमेरा त्या वेळी बंद करण्याच्या बेतात होता.

गेली पंधरा वर्षे ती लसीकरणाचे सत्र आणि बाजार यांचा हा प्रश्न विचारत आहे, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. तिनेही ते सांगितले नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आता खान्देशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत: धुळ्याचे १९८९पासून, जळगावचे २०१८पासून, नंदुरबारचे २०२०पासून. त्यांतून या पाड्यांवरची मुले डॉक्टर होऊन बाहेर पडतीलच. त्यांना पहिली नेमणूक याच डोंगरात मिळावी, आणि गटप्रवर्तकाला शिक्षणाची रजा व आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणात राखीव जागा मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही तटस्थ नाही.

[दृश्य : भोंगऱ्या बाजार. टेबलावर निळी व्हॅक्सिन कॅरिअर.]

बाजारातील सत्रांना त्या वर्षी गर्दी झाली आणि सुटलेल्या बालकांपैकी बरीच सापडली. टेबलामागे आशाताई आहेत, यादी गटप्रवर्तकाच्या हातात आहे. डाव्या बाजूला, चांदीचे दागिने घातलेली जी तरुणी बाळाला पदराआड घेऊन उभी आहे, ती परवाच सौराष्ट्रातून आली आहे. यापुढे ढोलाचा आवाज आहे, निवेदन नाही.