होलब्रुकचा शेरीफ

नमस्कार मंडळी!

शेरीफ म्हटलं की आपल्या मुंबईकरांना आठवतात नगरपाल. वर्षभराचं मानाचं पद, गावसकरांनीही भूषवलेलं. ॲरिझोनाचा शेरीफ निराळा. तो निवडून यायचा, वॉरंट बजावायचा आणि करवसुलीही त्याच्याच गळ्यात असायची.

ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्टला, म्हणजे दगड झालेल्या झाडांच्या उद्यानाला, जाताना होलब्रुक गावी आपण गॅस (म्हणजे पेट्रोल) भरायला थांबतो ना, तिथलीच ही गोष्ट. कमोडोर पेरी ओवेन्स. कमोडोर हा हुद्दा नव्हे बरं का, बारशाचं नाव! नौदलातल्या एका वीरावरून ठेवलेलं. पोरगा मात्र मिसरूड फुटायच्या आत घरातून पळाला, तो टेक्सासला गुरांमागे. पुढे ॲरिझोनात घोड्यांची राखण केली. खांद्यावर रुळणारे केस आणि अचूक नेम, एवढ्या भांडवलावर १८८६च्या निवडणुकीत तो अपाची काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरीफ झाला.

४ सप्टेंबर १८८७, रविवार. घोडेचोरीच्या आरोपातला अँडी कूपर (खरं आडनाव ब्लेव्हिन्स) होलब्रुकला आईच्या घरी आलेला. लोक सोबत यायला तयार होते, ओवेन्स एकटाच निघाला. हातात विंचेस्टर रायफल. दारात कूपरला म्हणाला, चल. तो येईना. मग मिनिटभरात एकूण पाच गोळ्या. आधी कूपर, त्याचा एक भाऊ आणि घरातलाच मोझ रॉबर्ट्स यांना लागल्या. मग पंधरा वर्षांचा धाकटा, सॅम ह्यूस्टन ब्लेव्हिन्स, भावाचं रिव्हॉल्व्हर उचलून बाहेर धावला. आई मागून आवरत होती. तोही पडला, तिच्याच हातांत.

तिघे गेले, एक भाऊ तेवढा जखमी होऊन वाचला. ओवेन्सला ओरखडाही नाही.

चौकशीत तो निर्दोष ठरला. मी त्याला खलनायक म्हणणार नाही. पोराच्या हातात पिस्तूल होतं. पण दरवेळी ही गोष्ट नुसत्या नेमबाजीची म्हणून सांगतात, तेव्हा मला ती आई दिसते. त्या दिवसांत तिचा नवराही बेपत्ता झालेला होता.

१८९५मध्ये नवी नवाहो काउंटी झाली, तिचा पहिला शेरीफही ओवेन्सच. नंतर ॲरिझोनातल्याच सेलिगमनला धंदा थाटला, आणि १९१९मध्ये गेला, आजारपणाने. फ्लॅगस्टाफला त्याची कबर आहे.

ब्लेव्हिन्सांचं ते घर होलब्रुकला अजून उभं आहे, रुळांपासून जवळच. पुढच्या वेळी गॅस भरून झाला की पाच मिनिटं काढा.