राणीच्या बागेतली झाडं

मित्रहो, मुंबईत वाढलेल्या बहुतेकांना राणीच्या बागेत कुणीतरी बोट धरून नेलेलं असतं, आणि तेही प्राणी दाखवायला. २०१७ पासून तिथे पेंग्विनही पाहता येऊ लागले आणि तिकिटाच्या रांगा आणखी वाढल्या. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण भायखळ्याची ही बाग उभी राहिली ती वनस्पतींसाठी, आणि आजही तिथली खरी श्रीमंती झाडांचीच आहे. आज मला तेच सांगायचं आहे.

ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. त्या जागेवर पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. नवी बाग भायखळ्याला आखली गेली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा खेळत होता. पण नुसत्या पैशाने बाग होत नाही. या कामात पुढे होते डॉक्टर जॉर्ज बर्डवूड. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जिवाचं रान केलं. यातले दोघं डॉक्टर, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळात औषधाचा अभ्यास म्हणजे बराचसा झाडापानांचाच अभ्यास. भाऊ दाजींनी तर कुष्ठरोगावर वनस्पतींतून औषध शोधण्यात कितीतरी वर्षं घालवली. संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. आज त्याला भाऊ दाजींचंच नाव आहे, ते अगदी योग्य झालं.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीमुळे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तो उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन पाहिलंत तर सांधे दिसतात.

आता झाडांकडे वळू. कैलासपतीपाशी जरा थांबा. फांद्यांच्या शेंड्याकडे पाहू नका, खोडाकडे पाहा. फुलं थेट खोडातून लोंबणाऱ्या काड्यांवर येतात. प्रत्येक फुलात पुंकेसरांची एक पट्टी नागाच्या फण्यासारखी पुढे वळलेली असते, म्हणूनच कैलासपती. फळं तोफेच्या गोळ्याएवढी. ती पिकून फुटली की वास सहन होत नाही, तेव्हा खाली बसू नका! मूळ दक्षिण अमेरिकेतलं हे झाड, पण आपल्या शिवमंदिरांच्या आवारात ते असं रुजलं, की कुणी त्याला परकं म्हणणार नाही.

उर्वशी ब्रह्मदेशातली. तिची कोवळी पानं तपकिरी, मलूल, सुकल्यासारखी लोंबत असतात. पाणी कमी पडलं असेल असं वाटून वाईट वाटून घेऊ नका, काही दिवसांत ती हिरवी होऊन ताठ होतात. फुलांचे तांबडे-पिवळे झुंबर हिवाळा सरता सरता लागतात. इतकं देखणं झाड मुंबईत पाहायला मिळतं, याचा मला फार अभिमान वाटतो. शिवाय आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, जाडजूड खोडात पाणी साठवणारी.

बागेत अशी तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला, तेव्हा ती धोक्यात येतील म्हणून मुंबईतल्या वृक्षप्रेमींनी चिकाटीने लढा दिला. झाडांची नोंद केली, हरकती घेतल्या, लोकांना बागेत नेऊन एकेक झाड दाखवलं. माझ्या मते यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं. ज्या झाडाचं नाव शेजारच्या वस्तीतल्या मुलांना माहीत असतं, त्याच्यावर कुऱ्हाड चालवणं अवघड जातं.

तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी लवकर या, मुलांनाही आणा. प्राणी जरूर दाखवा, पण जाता-येता झाडांवरच्या पाट्या त्यांना मोठ्याने वाचायला लावा. भायखळा स्टेशनपासून पूर्वेला चालत जाता येतं. बुधवारी मात्र बाग बंद असते.